नववा ठिपका

आमच्या दारात विमान होतं असं मी म्हटलं की माझी नातवंडं हसतात. थोरली सून तोंडावर पदर धरून हसते, म्हणजे तिलाही वाटतं की सासूबाईंचं आता वय झालं. पण होतं. दारात विमान होतं आणि घरात संडास नव्हता, असे आमचे दिवस होते. मळवली स्टेशनात उतरून विसापूरच्या अंगाला चालत गेलं की भातखाचरांच्या मधोमध मुंबईच्या एका साहेबांचा बंगला होता. त्या बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत मी, आई आणि अण्णा राहत होतो. अण्णा म्हणजे माझे वडील. ते नवलाख उंबऱ्याकडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होते. फोरमनशी वाकडं आलं, काम सोडलं आणि बंगल्याची राखण पत्करली. झाडांना पाणी घालायचं, कुत्र्यांना भाकर टाकायची, शनिवारी साहेब आले की फाटक उघडायचं. ज्या माणसाने केसाएवढा फरक नुसत्या बोटाने सांगावा त्याच्या हातात पाण्याची नळी आली. ते त्यांनी कुणालाच माफ केलं नाही, आणि आम्ही दोघी सगळ्यांत जवळ होतो.

अण्णा कधी आवाज चढवत नसत. लोक म्हणायचे, नशीबवान हो तुम्ही, घरात शिवी नाही, दारू नाही. आई इंद्रायणी तांदळाची भाकरी थापायची, हुलग्याचं पिठलं, बाजूला लसणाची चटणी, आणि अण्णा पहिला घास मोडायच्या आधी भाकरीची कड अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून गोल फिरवायचे. "हितं जाड. हितं पातळ," एवढंच म्हणायचे आणि ताट पुढे सरकवायचे. आई उठायची. दुसरी भाकरी थापायची. तीही फिरवली जायची. कधी कधी चौथ्या भाकरीला घास मोडला जायचा, तोवर पिठलं गार झालेलं असायचं आणि आईची भूक मेलेली. नाकारलेल्या भाकऱ्या मग आम्ही दोघी खायचो. मला त्या चांगल्याच लागायच्या, हे सांगायला आता लाज वाटत नाही.

मग ते विमान आलं. साहेब परदेशात कुठेतरी उडवायला शिकले होते, आणि त्यांनी सुट्या भागांचं छोटं, दोन माणसांचं विमान मागवलं. ते लाकडी पेट्यांतून आलं. पत्रे, नळ्या, पोत्याने बोल्ट, आणि सगळं कसं जोडायचं ते सांगणारं इंग्रजी पुस्तक. साहेबांना अण्णांचा हात ठाऊक होता. गाडीची शेड मागे वाढवून पत्रे टाकले आणि अण्णांना म्हणाले, "तुम्ही बांधा, मी उडवतो." त्या दिवशी अण्णांनी दुसऱ्याच भाकरीला घास मोडला. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, मी नुकतीच दहावी झाले होते, डिक्शनरी घेऊन पुस्तक लावायची. शिवाय माझा हात बारीक. शेपटाच्या आतल्या फटीत अण्णांचा पंजा जायचा नाही, माझा कोपरापर्यंत जायचा. अशी मी कामाला लागले.

विमानाला वळवणाऱ्या, वर-खाली करणाऱ्या ज्या हलत्या पट्ट्या असतात त्यांना आमच्या घरात झडपा म्हणायचे. पंखाला दोन, शेपटाला एक उभी आणि एक आडवी. आडवी झडप वर उचलली की नाक वर, खाली झाली की नाक खाली, एवढं मला पहिल्या आठवड्यात कळलं. ती झडप तीन बिजागऱ्यांवर झुलते. तिन्ही एका सुतात आल्या पाहिजेत, नाहीतर झडप मध्येच अडते. आम्ही आईच्या शिवणाचा दोरा तिन्ही भोकांतून ताणून बघायचो आणि अण्णा एक डोळा मिटून म्हणायचे, "मदली वर हाय. कागदाएवढी." मग बोल्ट, मग खाचांचा नट, आणि नटाच्या खाचेतून आरपार स्प्लिट पिन. पिनेचे दोन पाय पकडीने फाकवले की नट कितीही थरथरला तरी सुटत नाही. मी पिन घालायची. अण्णा नखाने दाबून बघायचे, आणि पटलं की वरून लाल ठिपका द्यायचे. ठिपक्यासाठी बाईसाहेबांनी टाकून दिलेली नेलपॉलिशची बाटली होती. ठिपका फक्त अण्णा देणार. ठिपका म्हणजे अण्णांचा शब्द. शेपटावर असे नऊ ठिपके यायचे होते, तीन आडव्या झडपेला, तीन उभीला आणि तीन झडपा ओढणाऱ्या दांड्यांच्या जोडांना.

गौरींच्या दिवसांत मी त्या बाटलीतलं जरासं डाव्या करंगळीला लावलं. सोळा वर्षांची होते, लावलं. शेडमध्ये अण्णांनी ते बघितलं. पॉलिश पेपरचा तुकडा फाडला, माझी करंगळी व्हाइसच्या लोखंडी जबड्याच्या कडेवर धरली आणि घासायला लागले, कानस चालवतात तसं, एका लयीत, घाई न करता. रंग गेला तरी घासत होते. "टिपका म्हंजी काम पुरं झालं," ते म्हणाले. "तू पुरी झालीस का?" कातडीतून रक्त आल्यावर थांबले, फुंकर मारून भुकटी उडवली आणि म्हणाले, "चल, फुडची बिजागरी घे." आई शेडच्या दाराशी उभी होती. तिला उंबरा ओलांडायची परवानगी नव्हती, तिच्या हाताला पीठ आणि तेल असतं म्हणून. संध्याकाळी तिने तुपात हळद कालवून बोटाला बांधली आणि एवढंच म्हणाली, "त्यांचा हात तसाच हाय बाई." त्या नखावर अजून उभी रेघ आहे. नातवंडांना मी सांगते दारात बोट सापडलं होतं.

त्या दिवसापासून मी अण्णांचा द्वेष करायला लागले आणि काम मात्र आणखी चांगलं करायला लागले. दोन्ही एकदम होतं, हे ज्याला असा बाप नव्हता त्याला समजणार नाही.

खंडेनवमीच्या सकाळी आडव्या झडपेची मधली बिजागरी कुरकुरली. कुणालाच ऐकू आलं नसतं, अण्णांना आलं. त्यांनी मला ती खोलायला लावली. जुनी पिन फेकली, बोल्ट काढला, वॉशर बदलला, बोल्ट परत घातला, नट बोटाने फिरवला. त्या जागेचा ठिपका या सगळ्यात खरवडून गेला. नवी पिन माझ्या हातात होती आणि पक्कड उचलली, तेवढ्यात अण्णांनीच पक्कड माझ्याकडून काढून घेतली. बारा वाजत आले होते. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पाटावर मांडली की दसऱ्याच्या सकाळी पूजा हलवेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. कारखान्यात असतानाही अण्णांनी हे मोडलं नव्हतं. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "उद्या पाट उचलला की पैलं काम ह्येच." मी पिन फ्रॉकच्या खिशात टाकली.

त्या एका दिवशी आईला शेडमध्ये येता यायचं. ती न्हाऊन, नऊवारी नेसून, तिच्या आईचा पितळी करंडा घेऊन आली. नवरात्राच्या कडाकण्या तळल्याचा वास अजून तिच्या पदराला होता. कानस, पक्कड, पाने, हातोडी, सगळ्यांना तिने कुंकू लावलं. मग विमानापाशी आली आणि मला हळूच विचारलं, "सुमे, ह्याचं सांधं कुटं हायत?"

"कशाला गं?"

"देवाला सांगायचं तर सांध्याचंच सांगाय पायजे. मानसाचंबी सांधंच पैलं जात्यात."

मी तिला शेपटावरच्या नऊ जागा एकेक करून दाखवल्या. मीच दाखवल्या. मला काहीतरी येतं आणि ते आईला दाखवता येतं याचा मला एवढा आनंद झाला होता. तिने कुंकू तेलात कालवून, अनामिकेने, प्रत्येक जागी एक बोट टेकवलं. आपल्याला आत येऊ दिलंय म्हणून ती इतकी हरखली होती की तिने नंतर माझ्याही कपाळाला बोट लावलं आणि हसली.

दसऱ्याला साहेब पाहुणे घेऊन आले. बंगल्यापुढच्या मोकळ्या पट्टीवर गवत कापून धावायची जागा केली होती. त्या दिवशी विमान नुसतं जमिनीवर पळवायचं ठरलं होतं, उडवायचं नाही. गावातलीही माणसं बांधावर उभी राहिली. झेंडूचं तोरण, आपट्याची पानं, पेढे. अण्णांनी साहेबांनी दिलेला पांढरा शर्ट घातला होता. सांध्यांवर कुंकू बघून ते आईला म्हणाले, "ह्ये काय माखून ठिवलंस? पूस." आईने कोरड्या फडक्याने पुसलं. आठ ठिकाणी कुंकवाखालून अण्णांचे ठिपके वर आले. मधल्या बिजागरीत ठिपका नव्हताच, पण तेलातलं कुंकू नटाच्या खाचेत बसलं होतं, ते फडक्याने निघालं नाही. तिथे एक लाल ठिपका दिसत राहिला.

अण्णा एरवी प्रत्येक ठिकाणी नख लावून बघायचे. त्या दिवशी साहेब हाका मारत होते, आणि ते दोन हातांवरून बोट नाचवत मोजत गेले. नऊ भरले. आदल्या दिवशीचं 'पैलं काम' त्या पांढऱ्या शर्टात त्यांच्या डोक्यातून गेलं. माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं. माझा हात खिशात होता आणि पिन माझ्या बोटांत होती. मी तोंड उघडणारच होते. मला हे नक्की आठवतं, मी एक पाऊल पुढे टाकलंही होतं. तेवढ्यात पाहुण्यांतली एक बाई शेपटावर हात फिरवत म्हणाली, "किती सुबक काम आहे हे. कुणी केलं?"

"मीच," अण्णा म्हणाले.

"आणि ही मुलगी?"

"ही व्हय? ही फडकं धराया असती."

मी टाकलेलं पाऊल मागे घेतलं. माझ्या मनात आलं, नुसतं पळवणार आहेत, झडप लोंबकळेल, सगळ्यांसमोर नाक कापलं जाईल, बरं होईल. मग मी खिशातून पिन काढीन आणि म्हणीन, ही घ्या, फडकं धरणारीने आणली. एवढंच. कुणाला मारायचं माझ्या मनात नव्हतं. पण दुखवायचं होतं, आणि ते मी आज कुठल्याही चांगल्या शब्दात गुंडाळणार नाही.

साहेब आणि शेजारी अण्णा बसले. विमान दोनदा पट्टीवरून पळालं आणि परत आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्यांदा साहेबांना मोह आवरला नाही. चाकं सुटली, विमान दोन पुरुष उंच गेलं, पोरं ओरडली, आणि मी शेपटाकडे बघत होते म्हणून मला एकटीला दिसलं की आडवी झडप थरथरली, बोल्ट अर्धा निसटून शेजारच्या पत्र्यात रुतला आणि झडप खाली तोंड करून तशीच अडकली. नाक खाली वळलं आणि विमान खाचराच्या बांधावर आदळलं. भात पोटरीत आला होता, लोंब्या सुटायच्या बेतात. धूर झाला नाही, आग लागली नाही, नुसता पत्रा चुरगळल्याचा आवाज आला आणि मग सगळे धावले. साहेबांच्या गळ्याचं हाड मोडलं. अण्णांचा उजवा हात दांडी आणि पत्र्याच्या मध्ये सापडला होता. तीन बोटं राहिली, पण नुसती दिसायला राहिली. ती पुन्हा कधी मिटली नाहीत.

दुसऱ्या दिवशी साहेब हात गळ्यात बांधून आले आणि बांधावर पडलेला नट उचलून अंगठ्याने चोळून बघितला. अंगठा लाल झाला. ते हसले, पण चांगलं हसले नाहीत. "पिन नाही, रंग नाही. कुंकू आहे," ते म्हणाले. "पूजेने पाडलं आपल्याला." संध्याकाळपर्यंत ते वाक्य भाजे गावापासून कार्ला गावापर्यंत पोचलं होतं. कुंकवानं इमान पाडलं.

दवाखान्यात अण्णांनी आम्हा दोघींना पलंगापाशी उभं केलं. आवाज नेहमीसारखाच, खालचा. "टिपका कुनी दिला?"

"मी कुंकू लावलं व्हतं," आई म्हणाली. "तुमीच पुसाया लावलं. मी पुसलं की."

"आन् पिन?" ते माझ्याकडे वळले.

मी म्हणाले, "मी सकाळी घालाया गेलते. तितं टिपका दिसला. मला वाटलं तुमीच घातली."

हे वाक्य मी आदल्या रात्रीपासून पाठ केलं होतं. दसऱ्याच्या सकाळी मी आईशेजारी बसून झेंडूचं तोरण ओवत होते, पिन घालायला गेलेच नव्हते. आईने माझ्याकडे एकदा बघितलं. तिच्या बघण्यात राग नव्हता, ती भाकरीची कड चाचपून बघावी तसं मला बघत होती. मग तिने मान खाली घातली आणि अण्णा तिला म्हणाले, "ह्याच्याफुडं तुजं बोट कशालाबी लागलं न्हाई पायजे. हत्याराला न्हाई, देवाला न्हाई. कुनाच्या कपाळाला तर न्हाईच." तिने व्हय म्हटलं.

अण्णा म्हणाले तेवढ्यावर थांबलं असतं तर ते घरातच राहिलं असतं. पण संक्रांतीला हळदीकुंकवाला बायका आल्या, आईने सवयीने करंडा उघडून बोट पुढे केलं, आणि शेजारच्या पारूकाकूंनी कपाळ मागे घेतलं. "मला नगं गं. माजं न्हायचं ऱ्हायलंय," त्या म्हणाल्या. त्या न्हालेल्या होत्या, वेणीतून पाणी गळत होतं. त्यांच्या मागच्या बाईनेही तेच केलं. तिसरीने वाण घेतलं आणि कुंकू न लावताच निघाली. आईचं बोट लाल होऊन हवेत तसंच राहिलं. शेवटी तिने ते पदराला पुसलं. मी तिथेच ताटलीत तिळगूळ भरत बसले होते. एक वाक्य बोलायचं होतं. ते मी बोलले नाही, आणि मग दरवर्षी बोलले नाही. हळूहळू तिला बारशाला, डोहाळजेवणाला बोलावणं बंद झालं. नवरा जिवंत असलेली बाई, पण कुणाच्या शुभकार्यात ती चालत नव्हती. घरात अण्णा डाव्या हाताने भाकरीची कड फिरवत राहिले, आणि आता त्यांना कुठलीच भाकरी पसंत पडत नव्हती.

माझं लग्न लोणावळ्याला, रेल्वेतल्या माणसाशी ठरलं. निघायच्या वेळी पोरीला आईने कुंकू लावायचं असतं. मांडवात सगळ्या बायका आईकडे बघायला लागल्या. आई माझ्यापासून दोन हातांवर उभी होती, हात पदरात गुंडाळून. तिने स्वतःहून पुढे यायचं नाही हे ठरलेलंच होतं, पण मी म्हणू शकले असते, आई, तू लाव. एवढंच म्हणायचं होतं. माझे सासरचे बघत होते. पहिल्याच दिवशी अपशकुनी बाईचं कुंकू लावून आली असं त्यांनी म्हणू नये म्हणून मी वळले आणि कपाळ पारूकाकूंपुढे केलं. काकूंनी लावलं. मग आईने कमरेचा करंडा काढला, माझ्या ओटीत घातला आणि कानाशी वाकून म्हणाली, "खालती हाय बग. तुजी हाय ती. तुज्या फ्रॉकात घावली व्हती, दवाखान्यात जायच्या सकाळी धुनं धुताना." ती रडली नाही. लोकांना वाटलं, आईच्या डोळ्यांत टिपूस नाही, कशी बाई आहे.

सासरी पहिल्या सकाळी देवापुढे मी करंडा उघडला आणि कुंकवात बोट घातलं. तळाशी पिन लागली. नवी कोरी, पाय न फाकवलेले. म्हणजे दवाखान्यात मी ते वाक्य बोलले तेव्हा आईला सगळं ठाऊक होतं, आणि ती व्हय म्हणाली होती. त्यानंतर ती वीस वर्षं जगली. माझ्या घरी एकदाही पाणी प्यायली नाही. मी मळवलीला गेले की भाकरी वाढायची, तब्येत विचारायची, आणि त्या पिनेबद्दल आम्ही दोघींपैकी कुणीही कधी बोललो नाही.

ती गेली तेव्हा अण्णा जिवंत होते. सवाष्ण गेली म्हणून बायका धावल्या. सवाष्णीला मळवट भरणं पुण्याचं, त्यामुळे ज्यांनी कपाळं मागे घेतली होती त्याच आता दारात दाटीवाटीने उभ्या होत्या. मी लोणावळ्याहून करंडा घेऊन गेले होते. बायका आत यायच्या आधी मी अण्णांपुढे बसले, कुंकू बाजूला सारलं, पिन काढून त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवली आणि सगळं सांगितलं. फडकं धरण्यापासून सगळं. त्यांनी पिन डोळ्यापाशी नेली, अंगठ्याने फिरवली. फिटरची नजर गेली नव्हती.

"वापरल्याली न्हाई," ते म्हणाले.

"आता तरी बायांना सांगा, अण्णा. तिला जाळायच्या आधी सांगा."

त्यांनी आईकडे बघितलं नाही. पिन माझ्या हातात परत दिली. "आता काय करायचं सांगून?" ते म्हणाले. "तुला सुना यायच्यात. ठिव आत. बाया आल्या."

मी ठेवली. वरून कुंकू सारखं केलं आणि करंडा सगळ्यांत आधी पारूकाकूंच्या हातात दिला.